तळाचे मासे

“यात तळाला कोणता मासा सोडायचा, ते आता तू ठरव,” उल्हास म्हणाला. “कॉलेजातल्या मुलांना एवढं झूऑलॉजी शिकवतेस, घरच्यांनाही जरा उपयोग होऊ दे.”

आमचा साखरपुडा नुकताच झाला होता. धाकट्या बहिणीला, नयनाला, बरोबर घेऊन मी सावंतवाडीहून पहिल्यांदाच त्यांच्या कुडाळच्या घरी गेले होते. ही गोष्ट शहाण्णव सालची. दिवाणखान्यात, जिथे इतरांकडे शोकेस असते तिथे, त्याची काचेची मोठी टाकी होती. तिच्यात एंजलफिश होते. पतंगासारखे चपटे, उभट, वर-खाली लांब पर असलेले. तीन रुपेरी, काळ्या पट्ट्यांचे, आणि एक सबंध पांढरा. कशाचीच घाई नसल्यासारखे ते फिरत होते. पाण्याला फिक्या चहाचा रंग होता आणि तळाशी बदामाची वाळलेली पानं पडली होती.

उल्हासने काचेच्या नळीत थोडं पाणी घेतलं, त्यात औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं.

“आम्लधर्मी,” तो म्हणाला. “एंजलना हेच लागतं. पुण्याची माणसं यासाठी काय काय खटाटोप करतात. आमच्या विहिरीला ते आपोआप आहे.”

विहीर घरामागेच होती, जांभ्यात खणलेली. आमच्याकडचं जांभ्यातलं पाणी हलकं आणि किंचित आंबट असतं हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. टाकीच्या काचेवर दोन गोगलगायी चिकटल्या होत्या. त्यांचे शंख पांढरट पडून झिजले होते. असल्या पाण्यात चुना टिकत नाही, शंख हळूहळू विरघळतो, असं मी सहज म्हटलं. उल्हास माझ्याकडे बघतच राहिला. मग नयनाला म्हणाला, “तुझी ताई फारच हुशार आहे.” आम्ही तिघंही हसलो. मला फार बरं वाटलं.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. रंग सावळा, त्यात नोकरी सोडणार नाही ही अट, म्हणून आलेली स्थळं परत जात होती. बाबा एसटीतून निवृत्त झालेले. माझं लग्न होत नाही म्हणून नयनाचं अडलंय, असं ते उघड म्हणत नसत, पण आई म्हणायची. अशात उल्हास कोरगावकरांचं स्थळ आलं. विमा कंपनीत अधिकारी, स्वतःचं घर, घरात फक्त विधवा आई. काही मागितलं नाही, नोकरीलाही हरकत घेतली नाही. दिसायला देखणा, बोलायला मऊ. तो मला मनापासून आवडला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्याच्या आईला सगळे माई म्हणत. त्या बारीक अंगाच्या, भिंतीच्या कडेकडेने चालणाऱ्या. उल्हाससमोर त्या मोजकं आणि पुस्तकी मराठी बोलत. तो बाहेर गेला की मालवणीत गप्पा मारत. त्या दिवशी त्यांनी आम्हाला कोकमाचं सरबत दिलं आणि माझा हात हातात घेऊन बराच वेळ सोडला नाही.

उल्हासची अडचण खरी होती. एंजल मधल्या पाण्यात खातात. खाली पडलेलं खाणं तसंच कुजतं आणि पाणी बिघडतं. ते वेचून खाणारा मासा हवा, पण तो एंजलना त्रास न देणारा आणि असल्या पाण्यात सुखाने जगणारा हवा. नदीतली शेंगटी आणून सोडावी असं त्याच्या मनात होतं. मी म्हटलं, तिच्या तोंडात मावेल ते सगळं ती गिळते. एंजलची पिल्लं झाली तर एक राहणार नाही. मग मी कॉलेजच्या लायब्ररीतली पुस्तकं काढली, कोल्हापूरच्या एका ओळखीच्या प्राध्यापकांना फोन केला, आणि कोरी नावाच्या मिशाळ माशावर येऊन थांबले. बोटाएवढा, अंगावर खवल्यांऐवजी चिलखतासारख्या पट्ट्या, दिवसभर वाळूत तोंड खुपसून काही ना काही शोधणारा. कुणाच्या अध्यात ना मध्यात. एकटा मात्र राहत नाही, पाच-सहा जण बरोबर लागतात.

एका रविवारी उल्हास, नयना आणि मी म्हापशाला एका मत्स्यालयाच्या दुकानात गेलो. दुकानदार सकर गळ्यात मारायला बघत होता, काचेला तोंड लावून शेवाळ खाणारा तो काळपट मासा. मी नको म्हटलं. लहान आहे तोवर ठीक. मोठा झाला की एंजलच्या रुंद, सपाट अंगाला चिकटतो आणि वरचा बुळबुळीत थर चोखून खातो. तिथे जखम होते. दुकानदार म्हणाला, ताई, शेकडो विकलेत, कुणाची तक्रार नाही. उल्हासने दोघांचंही शांतपणे ऐकून घेतलं आणि सहा कोरी घेतले. वर एक सकरही घेतला.

“यांचंही मन राखू या,” तो म्हणाला. नयना हसली. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

घरी आल्यावर त्याने माईंना कौतुकाने सांगितलं की, हिने दुकानदाराला चक्क वर्गात बसवलं. कोरी टाकीत सोडले. थोड्या वेळात ते सहाही जण तळाच्या वाळूत मिशा फिरवत एका रांगेत हिंडू लागले. नयना जमिनीवर बसून त्यांच्याकडे बघत होती. यांचं बरं आहे, म्हणाली, वर कोण राजा आहे याचं यांना काही पडलेलंच नाही.

लग्न वैशाखात ठरलं होतं. शाळा-कॉलेजाच्या परीक्षा चालू असताना उल्हासचा मला कॉलेजात फोन आला. पांढऱ्या एंजलच्या अंगावर लालसर चट्टे पडले होते. त्याचं म्हणणं, तुझे कोरीच टोचत असणार, त्यांच्या परांना काटे असतात. मी म्हटलं, कोरी वर जातच नाहीत, सकर बघा. तो म्हणाला, मी रोज बघतोय, सकर दिवसभर लाकडाला चिकटून बसलेला असतो. मी सांगितलं की तो अंधारात हलतो. रविवारी येते, आपण दोघं मिळून बघू.

त्या रविवारी नयनाचा सोमवारचा पेपर होता म्हणून मी एकटीच गेले. साखरपुडा झालेला होता, त्यामुळे घरच्यांनी हरकत घेतली नाही. मी पोचले तेव्हा उल्हासच्या ऑफिसातले एक स्नेही आलेले होते, गप्पिष्ट गृहस्थ. प्रकार ऐकून त्यांना गंमत वाटली. आपण पैज लावू, म्हणाले, नवरा जिंकतो की बायको.

मी टाकीवर जाड चादर टाकली, चारी बाजू झाकल्या आणि खिडक्या लावून घेतल्या. माईंनी तोवर जेवायला वाढलं. जेवणं झाल्यावर मी चादरीचं टोक हळूच उचललं. सकर पांढऱ्या एंजलच्या कुशीला चिकटला होता. एंजल अंग झटकत होता आणि तो सुटत नव्हता. कोरी खाली वाळूत एका कोपऱ्यात गोळा होऊन बसले होते.

“बघितलंत? मी म्हटलं नव्हतं?” मी म्हणाले, आणि हसले. आपलं म्हणणं खरं निघाल्यावर माणूस हसतं, तसंच. स्नेह्यांनी टाळी वाजवली. “उल्हासराव, आत्तापासूनच सांभाळा, वहिनी जिंकल्या,” म्हणाले. उल्हासही हसला. त्याने त्यांना पान दिलं, फाटकापर्यंत पोचवलं, आणि परत आला.

आल्यावर त्याने चादर काढली, व्यवस्थित घडी घातली. आतून जाळी आणली. मला वाटलं, आता सकरला काढणार. मी बादली आणायला उठले, तर तो म्हणाला, “बादली नको.” टेबलावरचा पेपर त्याने पसरला. मग जाळी वाळूपर्यंत नेली आणि एक कोरी उचलून पेपरवर ठेवला. मग दुसरा. सहाही काढेपर्यंत त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. सकर पुन्हा लाकडाला जाऊन चिकटला होता. त्याला त्याने हात लावला नाही.

मी म्हटलं, अहो, हे कोरी आहेत. मला वाटलं, त्याची चूक होतेय.

“माहीत आहे,” तो म्हणाला. “बस.”

कोरीला पाण्याबाहेर थोडी हवा घेता येते. त्यामुळे तो लवकर मरत नाही. पाण्याबाहेर काढला की परांचे काटे ताठ करतो आणि बारीक करकर आवाज करतो, किडा लाकूड कुरतडतो तसा. सहा माशांचा तो आवाज कागदावर चालू होता. मी एकाला उचलायला हात पुढे केला, तेव्हा उल्हासने माझं मनगट धरलं. घट्ट धरलं नव्हतं. पण मला सोडवता येत नव्हतं.

“माझ्या घरात, माझ्या माणसांसमोर मला हसायचं नाही,” तो म्हणाला. आवाज नेहमीचाच होता, मऊ. “आत्ताच कळलं ते बरं झालं. नंतर त्रास नको.”

मी काय काय म्हणाले ते आता आठवत नाही. त्यांना आत टाका, एवढं म्हटलं असणार, पुन्हा पुन्हा. तो उत्तर देत नव्हता. तो त्यांच्याकडेही बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. मी डोळे फिरवले की मनगटावरचा हात जरासा आवळायचा. असं आम्ही आवाज थांबेपर्यंत बसलो होतो.

मग माई चहा घेऊन आल्या. टेबलाजवळ आल्यावर त्यांनी पेपर पाहिला. दचकल्या नाहीत. ट्रे बाजूला ठेवला, पेपरच्या चारी कडा आत मुडपल्या, कोथिंबिरीच्या काड्या गुंडाळाव्यात तसं सगळं गुंडाळलं, पदराच्या टोकाने टेबलावरचं पाणी टिपलं. मागच्या दाराने गेल्या आणि रिकाम्या हातांनी परत आल्या. त्यांना काय झालं म्हणून विचारावंसं वाटलं नाही. माशांपेक्षा मला त्यांचे ते हात बघून भीती वाटली. किती सराईतपणे त्यांनी ते केलं होतं.

“चहा निवतोय, घ्या,” त्या म्हणाल्या.

संध्याकाळी उल्हासने मला स्कूटरवरून एसटी स्टँडवर सोडलं. वाटेत मांडवाचं, आचाऱ्याचं बोलत होता. स्टँडवर केसांत माळायचे अबोलीचे दोन वळेसर घेतले, एक मला, एक नयनाला. गाडी सुटेपर्यंत खिडकीपाशी उभा राहिला.

घरी पोचल्यावर मी आई-बाबांना बसवलं आणि सगळं सांगितलं. बाबांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, “म्हणजे मासे मेले.”

मेले नाहीत, मारले, मी म्हटलं.

“हेमांगी, मासेच ना ते? आपण रोज ताटात घेतो.”

मी मनगट पुढे केलं. त्यावर काहीच दिसत नव्हतं. आई माझ्याकडे आणि बाबांकडे आळीपाळीने बघत राहिली आणि उठून आमटीला फोडणी घालायला गेली.

तरी बाबा दुसऱ्या दिवशी कुडाळला गेले. तेवढं त्यांनी केलं. परत आले ते हलके होऊन. उल्हासने त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. त्या माशांना रोग झाला होता. रोगी मासे बाहेर काढले नाहीत तर टाकी जाते. हेमांगी हळव्या मनाची, तिला ते बघवलं नाही. मीच तिला आत पाठवायला हवं होतं, माझं चुकलं. असं म्हणून त्याने हातही जोडले होते. बाबांनी माईंनाही विचारलं. हो, रोगच होता, त्या म्हणाल्या.

मी लग्नाला नाही म्हटलं. पत्रिका छापून झाल्या होत्या, हॉलला आगाऊ रक्कम दिली होती, मुंबईच्या आत्याने सुटी काढली होती. बाबांनी आधी समजूत घातली, मग आवाज चढवला, मग माझ्याशी बोलणं बंद केलं. एक काका येऊन विचारून गेले, तुझं कॉलेजात कुणी आहे का. मी सगळ्यांना तेच सांगत होते आणि प्रत्येक वेळी सांगताना मलाच ऐकू येत होतं की हे किती लहान वाटतं. सहा बोटाएवढे मासे. त्याने मला मारलं नव्हतं, शिवी दिली नव्हती, पैसे मागितले नव्हते.

कुडाळहून राग आला नाही. निरोप आला. झालं ते झालं, तारीख ठरलेली आहे, माणसं जोडलेली आहेत. तुमची हरकत नसेल तर धाकटी आम्हाला पसंत आहे. बाबा तो निरोप सांगताना रडले. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस मी पाहिला नाही, असं म्हणाले.

नयना तेवीस वर्षांची होती. बी. कॉम.चा शेवटचा पेपर देऊन मोकळी झाली होती. मी तिला मागच्या पडवीत नेलं आणि पुन्हा सगळं सांगितलं, मनगटासकट, माईंच्या हातांसकट. तिने नीट ऐकलं. मग म्हणाली, “ताई, तुला तो नको असेल तर नको. पण म्हणून त्याला वाईट ठरवू नकोस.” तिने तो वळेसर सुकेपर्यंत देवघरात ठेवला होता. मी बाबांशी भांडले, आईशी भांडले, जेवण सोडून बसले. बाबांनी एवढंच विचारलं की तुझं झालं नाही, आता तिचंही मोडणार आहेस का.

म्हणून उल्हास ऑफिसला गेलेला असेल अशा वेळी मी कुडाळला माईंकडे गेले. दुसरं कुणी साक्षीदार नव्हतंच. त्या मागच्या अंगणात आमसुलं वाळत घालत होत्या. मला बघून त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. म्हटलं, तुम्ही सावंतवाडीला चला आणि बाबांना खरं काय ते सांगा. फक्त तेवढंच सांगा. नयना वाचेल.

“तू बरोबर होतंस, ता माका म्हायत आसा,” त्या म्हणाल्या. “मासे बरे होते.”

मग चला, मी म्हटलं.

त्यांनी सूप खाली ठेवलं. “मी सांगान. मगे त्येना माका भायर काढल्यान, तर तू माका ठेवशीत?”

मी भाड्याच्या दोन खोल्यांत आई-बाबांबरोबर राहत होते आणि बाबा माझ्याशी बोलत नव्हते. माईंनी थोडी वाट पाहिली. चिडल्या नाहीत. उन्हात सरकलेली आमसुलं पुन्हा हाताने पसरू लागल्या.

“पयलो त्येचो बापूस, आता तो,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षां मी एकटी आसय गो ह्या घरात. आता माझ्यान होणा नाय. माका कोणतरी व्हया. तू नाय इलंस, तुझी भयण येतली.”

मी उठले. त्यांनी मला हळदी-कुंकू लावलं, सरबत घेऊन जा म्हणाल्या. मी घेतलं नाही.

पत्रिका नव्याने छापल्या. वधूचं नाव तेवढं बदललं. त्याच तारखेला, त्याच हॉलमध्ये लग्न झालं. मी पंगतीत वाढत होते. उल्हासने सगळ्यांसमोर मला वाकून नमस्कार केला, आता तुम्ही थोरल्या, म्हणाला. तेव्हापासून तो मला हेमांगीताई म्हणतो आणि अहोजाहो करतो.

माझं लग्न झालं नाही. पहिल्यांदा लोकांनी विचारलं, मग विचारणं थांबलं. बाबा हळूहळू माझ्याशी बोलायला लागले, पण कामापुरतं. नयना माहेरी यायची ती उल्हासबरोबर आणि जायची त्याच्याबरोबर. तिचं शिवणकाम चांगलं होतं. एकदा पाहुण्यांनी तिच्या ब्लाउजांचं कौतुक केलं, शहरात असती तर दुकान टाकलं असतं, असं कुणी म्हटलं. पुढच्या वेळी मी गेले तर मशीन जागेवर नव्हतं. कुणा गरजूला देऊन टाकलं, ती म्हणाली, डोळ्यांना ताण पडतो ना. मी तिच्याकडे बघितलं, तशी ती चहा करायला उठली. माईंना तिने अखेरच्या दुखण्यात फार जपलं. त्या गेल्या तेव्हा सख्ख्या आईसाठी रडावं तशी रडली.

आई गेल्यावर बाबा एकदा लेकीकडे चार दिवस राहायला म्हणून कुडाळला गेले, ते दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीने परत आले. त्यानंतर जावयाचा विषय निघाला की ते उठून बाहेर जात. ते वारले तेव्हा त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तुझं खरं होतं, असं ते एकदा तरी म्हणतील असं मला शेवटपर्यंत वाटत होतं.

नयनाचा मुलगा तन्मय गेल्या वर्षी लग्नाचा झाला. कुडाळलाच त्याचं औषधांचं दुकान आहे, आई-वडिलांबरोबर राहतो. वेंगुर्ल्याच्या रेडकरांची मुलगी सांगून आली. गायत्री तिचं नाव, माझीच विद्यार्थिनी, निवृत्त व्हायच्या आधीच्या शेवटच्या तुकडीतली. रेडकर चौकशीला माझ्याकडे येणार हे नयनाला कळलं असावं. तिचा आदल्या दिवशी फोन आला. एरवी ती फोन करत नसे.

“ताई, मुलगी खूप गोड आहे,” ती म्हणाली. “घरात वावरेल तर बरं वाटेल. तू काही बोलू नकोस. माझ्यासाठी.”

मी म्हटलं, बघते.

रेडकर दुसऱ्या दिवशी आले. साधा माणूस, टोपी हातात घेऊन बसला. म्हणाले, मॅडम, तुम्ही मुलाची सख्खी मावशी, आणि माझ्या पोरीला शिकवलंय तुम्ही. तुम्ही सांगाल ते मी ऐकेन. मी त्यांना माशांचं काही सांगितलं नाही. मशीनचंही नाही.

“मुलगा चांगला असेल,” मी म्हटलं. “घर चांगलं नाही. मुलीला तिथे देऊ नका.”

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. उठले, नमस्कार केला आणि गेले. चार दिवसांत कुडाळला नकार कळला.

नयनाचा फोन आला नाही. मी केला तर ती उचलत नसे. गायत्रीचं पुढे गोव्यात लग्न झालं, पेढे घेऊन ती स्वतः येऊन गेली. तन्मयने त्यानंतर पुण्याला नोकरी धरली आणि तिकडेच खोली घेतली. आता कुडाळच्या घरात दोघंच असतात.

परवा चतुर्थीला मी न कळवता कुडाळला गेले. नयना आवडीने खायची म्हणून डब्यात उकडीचे मोदक घेतले होते. बेल वाजवली. नयना आतलं दार उघडून बाहेर आली आणि लोखंडी ग्रिलच्या पलीकडे उभी राहिली. खूप वाळली आहे. केस सगळे पिकलेत. कशी आहेस, तिने विचारलं. मी बरी आहे म्हटलं. गुडघे दुखतात का अजून, तिने पुन्हा विचारलं. हो, म्हटलं. ग्रिलच्या कडीवर तिचा हात होता, पण तिने कडी काढली नाही. डबा ग्रिलमधून जाणार नव्हता, म्हणून मी तो पायरीवर ठेवला.

आतून उल्हासचा आवाज आला, कोण आलंय म्हणून.

नयनाने माझ्याकडे बघितलं.

“कोणी नाही,” ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.